कॅप्टनची पिवळी लिव्हरी

बाबांच्या माऊसला हात लावायची तिला किळस यायची. माऊस चिकट, कीबोर्डच्या फटींत बिस्किटांचा चुरा, स्क्रीनवर शिंकेचे वाळलेले ठिपके, आणि टेबलाच्या कडेला ती किल्ली, जिनं बाबा कान कोरायचे आणि मग तिनंच कपाटही उघडायचे. आईकडे येताना ती पर्समध्ये ओल्या टिश्यूंचं पाकीट घेऊनच यायची. आधी पुसापुशी, मग काम. बाबा मागच्या खुर्चीतून म्हणायचे, "दवाखाना आहे का हा?" ती उत्तर द्यायची नाही. उत्तर दिलं की बाबांना जोर चढतो, हे तिला शाळेत असल्यापासून माहीत होतं.

ती स्टिकरच्या दुकानात कामाला होती. व्हॅनच्या अंगावर कंपन्यांची नावं, दुकानांच्या काचांवर अक्षरं, ट्रकच्या पाठीवर फोन नंबर. अकरा वर्षं हेच. कॉम्प्युटरवर चित्र काढायचं आणि ते वाकड्यातिकड्या पत्र्यावर सरळ बसवायचं, यात तिचा हात धरणारं दुकानात कुणी नव्हतं. म्हणून हे लचांडही तिच्याच गळ्यात आलं होतं. फ्लाइंग क्लबचा वर्धापनदिन रविवारी होता. त्यात बाबांचा सत्कार, आणि सत्कारानंतर बाबा स्टेजवर बसून, मोठ्या पडद्यावर, विमान उडवायच्या कॉम्प्युटर-सिम्युलेटरमध्ये आपलं ते गाजलेलं उड्डाण पुन्हा करून दाखवणार. तेही कुठल्या तरी परक्या रंगाच्या विमानातून नाही, अगदी त्याच पिवळ्या ट्राईकमधून.

ट्राईक म्हणजे अल्ट्रालाइट विमानांतलं सगळ्यात उघडंवाघडं. वर कापडी त्रिकोणी पंख, खाली तीन चाकांवर दोन सीटा, पाठीशी इंजिन, आणि वैमानिकाच्या छातीसमोर एक आडवा बार. दार नाही, काच नाही. चौतीस वर्षांपूर्वी नदीला पूर आला, पूल वाहून गेला, आणि पलीकडच्या दवाखान्यात औषधं संपली. तेव्हा बाबांनी एकट्यानं ट्राईक काढली, इन्सुलिनचा डबा मागच्या सीटला बांधला आणि पूर ओलांडून तो पोचवला. पेपरात फोटो आला. त्या दिवसापासून बाबांना सगळे कॅप्टन म्हणू लागले. दूधवाला कॅप्टन म्हणायचा, दातांचा डॉक्टर कॅप्टन म्हणायचा, खुद्द तिचा नवरा सासऱ्यांना कॅप्टन म्हणायचा. पुढे पाठीच्या दुखण्यामुळे बाबांचं उडणं सुटलं, पण सांगणं काही सुटलं नाही.

लिव्हरी म्हणजे विमानाच्या अंगावरचे कपडे: रंग, पट्टे, नंबर, नाव. ती खऱ्यासारखी करायची तर फोटो हवेत. क्लबच्या मेकॅनिककाकांनी जुन्या कपाटातून सात फोटो शोधून पाठवले. पिवळा पंख, त्यावर एक ठिगळ, लाल टोकं, वैमानिकाच्या पायांपुढच्या टोपणावर निळा पट्टा. क्लबमध्ये काका येऊन वीसेक वर्षं झाली असतील, पूर त्यांनी पाहिला नव्हता. पण माणूस हौशी. भंगारात पडलेल्या त्या जुन्या ट्राईकचा बार त्यांनी घासूनपुसून एका स्टँडवर बसवला, त्याला वायरी जोडल्या, आणि सरावाला म्हणून घरी पाठवून दिला. सोबत चिठ्ठी: ‘सेटिंगमध्ये खरा बार हा पर्याय निवडा. कॅप्टनना हाताची सवय असेल.’

पहिल्या खेपेला तिनं फोल्डर जागेवर टाकलं, सिम्युलेटर सुरू केला, तर धावपट्टीवर गुलाबी-काळ्या चौकटींची ट्राईक उभी. चित्राच्या फाईलचं नाव एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी भलतंच पडलं होतं, त्यामुळे सिम्युलेटरला कपडेच सापडेनात.

"हे काय? टेबलक्लॉथ?" बाबा म्हणाले आणि चहाचा घोट घेता घेता हसले. थोडा चहा कीबोर्डवर आला.

दुसऱ्या खेपेला रंग आला, पण ‘कॅप्टन’ ही अक्षरं डाव्या बाजूला आरशात पाहिल्यासारखी उलटी. टोपणाच्या दोन्ही बाजू एकाच चित्रातून रंगत होत्या. तिनं बाजू वेगळ्या केल्या, डोळे फुटेपर्यंत कडा जुळवल्या. खरं तर फोटोंमध्ये टोपणावर काहीच लिहिलेलं नव्हतं. ते नाव बाबांची फर्माईश. "मोठं हवं. शेवटच्या रांगेतून दिसायला पाहिजे." तिनं मोठं केलं. "अजून मोठं." अजून मोठं केलं. शेवटी ट्राईकपेक्षा नावच मोठं वाटायला लागलं, तेव्हा बाबांचं समाधान झालं.

गुरुवारी तिची सुट्टी होती. दुपारी तिसऱ्या खेपेला सगळं जमलं. उन्हात पिवळा पंख उभा, कापडावरची शिवण न् शिवण दिसतेय, लाल टोकं झळकताहेत. तिला स्वतःलाच भारी वाटलं. आई कधी नव्हे ते खोलीच्या दारापर्यंत आली, ओले हात पदराला पुसत स्क्रीनकडे बघत राहिली.

"ठिगळ उजव्या पंखाला होतं," आई म्हणाली. "तू डाव्याला लावलंयस."

तिनं फोटो पुन्हा पाहिले. एका फोटोचं निगेटिव्ह उलटं छापलं गेलं होतं. आईचं बरोबर होतं. तिनं ठिगळ उजवीकडे नेलं, आणि आईला हे कसं आठवतं हा विचार मनात आला न आला तोच बाबा म्हणाले, "सरका आता. वैमानिकाला बसू द्या."

बाबा बसले. बार दोन्ही हातांत घेतला. ट्राईक धावपट्टीवर सुटली, वेग आला, आणि बाबांनी बार छातीकडे ओढला. ट्राईक उडाली नाही. धावत धावत धावपट्टी संपवून कुंपणात घुसली. बाबांनी पुन्हा सुरू केलं, आणखी जोरात ओढला. पुन्हा कुंपण. मग म्हणाले, मला हवेतच सोड, जमिनीवरचं हे खेळणं काही खरं नाही. तिनं हवेत सोडलं. बाबांनी वर जायला म्हणून बार ओढला, आणि ट्राईकनं नाक खाली करून सरळ तळ्यात उडी घेतली.

"उलटं बसवलंयस तू!" बाबा ओरडले. "एक काम धड करता येत नाही. ओढलं की वर जायला पाहिजे. शेंबड्या पोरालाही माहीत आहे."

"काकांच्या चिठ्ठीप्रमाणेच ‘खरा बार’ निवडलाय बाबा. खरा बार असाच असतो म्हणे. ढकलला की वर, ओढला की खाली."

"काका! पाने-पक्कड फिरवणारा माणूस. उडवलीय कुणी, त्यानं की मी?" बाबांच्या ओठांच्या कोपऱ्यात बिस्किटाचा लगदा जमला होता. "आमच्या वेळच्या ट्राईक वेगळ्या होत्या. ओढलं की वर."

"ढकलायचं असतं," दारातून आई म्हणाली. "आधी वेग येऊ द्यायचा. मग हळूच ढकलायचं. धसमुसळेपणा केला की नाक फार वर जातं."



"तू गप्प बस," बाबा म्हणाले. "स्टुलावर चढलीस तरी तुला चक्कर येते."

आणि ती हसली. सवयीनं. हा घरातला सगळ्यात जुना विनोद होता. कॅप्टनची बायको, आणि स्टुलावर चक्कर! तिनं स्वतः तो आपल्या लग्नात माईकवर सांगितला होता, आणि मांडव हसला होता. आताही हसू तोंडातून निघालं, आणि अर्ध्यावरच थांबलं. कारण त्याच वेळी तिचं लक्ष आईच्या हातांकडे गेलं. आईचे दोन्ही हात छातीसमोर होते, मुठी सैल मिटलेल्या, आणि ते हात काय करायचं ते बाबांच्या हातांपेक्षा चांगलं जाणून होते.

बाबा पाय आपटत फिरायला निघून गेले. जाताना बजावून गेले, "रविवारच्या आत सरळ कर."

आई स्वयंपाकघरात करपलेलं पातेलं घासत होती. ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"आई, पूर कुणी ओलांडला?"

आईनं तारेची घासणी फिरवणं थांबवलं नाही. "तुझे बाबा मागच्या सीटवर बसले होते. धावपट्टीच्या टोकाला पोचेपर्यंत उलटी झाली त्यांना. उघड्या पाळण्यात त्यांना नेहमीच व्हायचं तसं. साध्या विमानात ठीक असायचे, तिथं दांडा ओढला की वर जातं; तेही शेजारी शिक्षक बसलेला असला म्हणजे. ते उतरले. डबा त्यांच्या सीटला बांधला, आणि मी गेले."

"तू? तू ट्राईक शिकली होतीस?"

"अकरा तास झाले होते. परवाना नव्हता. तू दीड वर्षांची होतीस, शेजारच्या काकूंकडे ठेवलं होतं तुला." आईनं पातेलं नळाखाली धरलं. "पलीकडे शाळेच्या मैदानावर उतरले. ढग चढत होते, म्हणून इंजिन बंद केलं नाही, हेल्मेट काढलं नाही. अंगात ह्यांचाच ओव्हरॉल होता. वॉचमनच्या हातात डबा दिला आणि परत फिरले. त्यांना वाटलं, क्लबचे सेक्रेटरी, म्हणजे हेच, आले होते."

"आणि तू काही बोलली नाहीस?"

"मीच म्हणाले ह्यांना, तुम्ही गेलात असं सांगा. बिनपरवान्याची बाई उडाली म्हटल्यावर क्लबला कुलूप लागलं असतं. म्हटलं, वर्षभर जाऊ दे, परवाना मिळाला की सांगू." आई थांबली. "वर्षभरानं हे म्हणाले, आता नको, लोक काय म्हणतील. मग म्हणाले, तू क्लबवर येतेस ते बरं दिसत नाही. मग म्हणाले, घरात एकानंच उडावं. तोवर त्यांचं स्वतःचं तर उडणं थांबलंच होतं."

"आणि स्टूल? चक्कर?"

"चक्कर त्यांची गं," आई म्हणाली. "मला देऊन टाकली."

तिला खरोखरच मळमळलं. नुसत्या खोटेपणानं नाही. खोटं काय, तिनं आयुष्यात कमी खोटं ऐकलं नव्हतं. पण त्या माणसानं बायकोचं आकाश घेतलं, आणि बदल्यात स्वतःची ओकारी तिच्या नावावर केली, आणि मग चौतीस वर्षं चारचौघांत तिच्यावर हसला, ह्यानं. त्याहून घाण वाटलं ते स्वतःचं. पहिला नंबर बाबांचा, दुसरा तिचाच. किती वेळा, किती लोकांत, किती चवीनं तिनं तो विनोद सांगितला होता! तिनं बेसिनवर वाकून चूळ भरली. तरी तोंड कडूच.

"मी ते नाव पुसते," ती म्हणाली. "तिथं तुझं घालते. रविवारी पडद्यावर सगळ्यांना दिसू दे. नाहीतर आई, हे कायमचं बाबांचं होईल, आणि माझ्या हातानं होईल. ते जमायचं नाही मला."

"नाव राहू दे."

"आई!"

"राहू दे म्हणते ना. मी नको म्हटलं होतं का तुला काही, कधी? तुझा रंग छान झालाय. ठिगळसुद्धा जागेवर आलंय." आईनं पातेलं पालथं घातलं. "बार तेवढा ह्यांच्या म्हणण्याप्रमाणे करून दे. ओढला की वर."

"का पण? तळ्यात पडू देत ना सगळ्यांसमोर!"

"पडले तर मशीन बिघडलं म्हणतील. तुझ्यावर ढकलतील. त्यापेक्षा ह्यांना पाहिजे तसं दे. अगदी ह्यांना पाहिजे तसं."

तिला आईचीही किळस आली. खोटं कशाला बोला, आली. एवढं झाल्यावरही ही बाई नवऱ्याचा पाय घसरू नये म्हणून वाटेतली केळीची साल उचलतेय! ती खोलीत गेली, चिकट माऊस हातात घेतला, आणि सेटिंगमधल्या ‘खरा बार’समोरची खूण काढून टाकली. एका क्लिकचं काम. संध्याकाळी बाबांनी सराव केला. ओढलं, ट्राईक वर गेली. "बघ! मी सांगत होतो की नाही?" ते म्हणाले आणि तिच्या पाठीवर थाप मारली. तो हात पाठीवरून निघून गेल्यावरही कितीतरी वेळ तिला तो तिथंच असल्यासारखा वाटत राहिला.

रविवारी सकाळी अकरा वाजता क्लबचा हॉल भरला. लोखंडी खुर्च्या, भिंतीवर जुने पंखे आणि प्रोपेलर, कर्कश किंचाळणारा माईक. पहिल्या दोन रांगांत ट्राईक उडवणारे बसलेले, तीसेक जण, त्यांत चार-पाच बायका, उन्हानं रापलेले चेहरे. घरच्या कॉम्प्युटरवरचं सगळं जसंच्या तसं उतरवलेला लॅपटॉप घेऊन ती स्टेजच्या बाजूला उभी होती. आई तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर, मांडीवर पर्स घेऊन.

अध्यक्षांचं भाषण झालं. पूर आला, पूल गेला, आणि आमचे कॅप्टन निधड्या छातीनं वगैरे वगैरे. बाबा सोनेरी पट्टीची टोपी घालून बसले होते. ती कुठून आणली देव जाणे; क्लबमध्ये तसली टोपी कुणीच घालत नव्हतं. मग दिवे मंद झाले आणि पडद्यावर पिवळी ट्राईक उभी राहिली. हॉलभर ‘वाहवा’ उमटली. तिच्या कामाला मिळालेली सगळ्यात मोठी दाद, आणि तिला ती नको होती. अंगावरून झुरळ झटकावं तशी ती झटकून टाकावीशी वाटली.

बाबांनी बार धरला. माईक त्यांच्या तोंडासमोरच होता. ट्राईक सुटली, वेग आला, बाबांनी बार ऐटीत छातीकडे ओढला, आणि पिवळा पंख डौलात वर चढला. तिला वाटलं, आता टाळ्या पडणार. तिनं आधीच दात आवळून घेतले.

टाळ्या पडल्या नाहीत.

पहिल्या रांगेतली एक बाई टाळीसाठी उचललेले हात तसेच धरून बसली होती. तिच्या शेजारच्यानं मान वळवून पलीकडच्याकडे पाहिलं. पलीकडच्यानं हळूच स्वतःचे हात पुढे केले, ढकलल्यासारखे, आणि खांदे उडवले. मागच्या रांगांतले नातेवाईक कौतुकानं बघत होते. पुढच्या दोन रांगा बाबांच्या हातांकडे बघत होत्या. आणि तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. ह्या हॉलमध्ये तीस माणसं अशी होती, ज्यांचे हात झोपेतही वर जायला बार ढकलतील. कॅप्टन मात्र ओढत होते, आणि आरामात ओढत होते, जन्मभराच्या सवयीनं.

मेकॅनिककाका लगबगीनं स्टेजपाशी आले. भला माणूस, त्यांना वाटलं सेटिंग चुकलं. "कॅप्टन, बार उलटा लागलाय," ते म्हणाले. "ओढल्यावर वर जातंय. थांबा, मी सरळ करून देतो. एक मिनिटाचं काम."

ती तेव्हा बोलू शकली असती. चूक माझी, असं म्हणून सगळं सावरता आलं असतं. तिनं आईकडे पाहिलं. आईनं किंचित मान हलवली. नाही.

"उलटा?" बाबा माईकमध्ये हसले. आवाज हॉलच्या कोपऱ्याकोपऱ्यात गेला. "अहो, ह्याच बारनं पूर ओलांडलाय मी! हाच बार, हेच हात. ओढायचा आणि वर जायचं. आमच्या वेळी असंच होतं. माझ्या मुलीनं आधी चुकीचं बसवलं होतं, मीच दुरुस्त करून घेतलं."

काका पायरीवर तसेच उभे राहिले. त्यांनी बाराकडे पाहिलं. तो त्यांनी स्वतःच्या हातांनी घासला होता, आणि तो कुठल्या ट्राईकचा होता आणि ती ट्राईक कशी उडायची, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मग ते खाली उतरले आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसले.

बाबांनी पूर ओलांडला. नदी ओलांडली, शाळेच्या मैदानावर घिरटी घातली, परत आले. पूर्ण नऊ मिनिटं, आणि नऊही मिनिटं तोंड चालू: वारा कसा होता, ढग कसे होते, एकट्याची छाती कशी लागते. दर वेळी बार ओढला की पुढच्या दोन रांगांत कुणीतरी खुर्चीत चुळबुळ करायचं. एकानं खाली बघायला सुरुवात केली, मग दुसऱ्यानं. दुसऱ्याचा आजार बघवत नाही तसं त्यांनी तोंड फिरवलं होतं. ट्राईक धावपट्टीवर टेकली. दिवे लागले. अध्यक्ष मानपत्राची फ्रेम दोन्ही हातांत धरून उभे होते. पुढे यावं की मागे जावं, त्यांना कळेना. ते स्वतः वीस वर्षं ट्राईक उडवत होते.

बाबांनी टोपी सारखी केली आणि हॉलकडे पाहिलं. पुढच्या रांगा हलेनात, तसे मागचे नातेवाईकही हात आवरून बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण डोळे एका रांगेवरून दुसऱ्या रांगेवर जाऊ लागले. काय झालंय ते त्यांना कळत नव्हतं. ते कळण्यासाठी एकदा तरी ट्राईक उडवलेली असावी लागते.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेच्या कडेला आई उभी राहिली. पर्स खुर्चीवर ठेवली, आणि टाळ्या वाजवू लागली. शांतपणे, एकेक करून, न थांबता. पुढच्या दोन रांगा वळल्या आणि तिच्याकडे बघत राहिल्या. बाबांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी बायकोकडे बघून टोपीला हात लावला.

बाकी कुणीच टाळी वाजवली नाही.